मेदाम्लं बनवायची की नाही, हे जिवाणू कसं ठरवतात?

अन्न आणि ऊब पुरेशी मिळाली की ई. कोलाय हा जिवाणू साधारण 20 मिनिटांत दुभंगतो. एकाचे दोन व्हायचे तर पेशीपटलही दुप्पट लागतं. या पटलांमध्ये एका पेशीमागे सुमारे 2 कोटी मेदरेणू असतात, आणि त्यांच्या शेपट्या मेदाम्लांच्या (फॅटी ॲसिड्सच्या), म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांच्या असतात. 16 कार्बनचं एक पामिटिक आम्ल रचायला पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे 7 रेणू खर्ची पडतात, शिवाय इलेक्ट्रॉन पुरवणारे 14 रेणू. एवढा महाग माल गरजेपेक्षा जास्त बनवणारा जिवाणू स्पर्धेत मागे पडतो, आणि कमी बनवणाऱ्याला वाढताच येत नाही.

साखळी दोन-दोन कार्बननं वाढते आणि दर वेळचा नवा तुकडा मॅलोनिल-कोए या रेणूकडून येतो. हा रेणू जिवाणूमध्ये जवळजवळ याच एका कामासाठी तयार होतो. आपल्या पेशींमध्ये साखळी वाढवणारी सगळी यंत्रणा एकाच अवाढव्य प्रथिनात गुंफलेली असते. जिवाणूंमध्ये मात्र प्रत्येक पायरीचं एन्झाइम सुटं आणि त्याचं जनुकही वेगळं असतं. त्यामुळे कुठलं जनुक कधी चालू ठेवायचं, याला भरपूर वाव मिळतो.

मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत ही जनुकं चालू-बंद करणारं नियंत्रक प्रथिन आहे फॅपआर. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात दिएगो दे मेंडोझा यांच्या गटानं तो 2003 मध्ये जगासमोर आणला. हे प्रथिन एरवी मेदाम्लांच्या जनुकांपुढे डीएनएला घट्ट धरून बसतं, त्यामुळे ती जनुकं वाचली जात नाहीत. पेशीत मॅलोनिल-कोए वाढला की तो फॅपआरच्या खोबणीत शिरतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि डीएनएवरची पकड सुटते. गंमत दिसते ती सेरुलेनिन दिल्यावर. हे प्रतिजैविक साखळी वाढवण्याची पायरीच अडवतं, म्हणजे मेदाम्लं बनणं थांबतं. तरी जनुकं मात्र आणखी जोरात चालू होतात, कारण न वापरलेला मॅलोनिल-कोए साचत जातो.

ई. कोलाय दुसऱ्या टोकाकडे पाहतो. एक कारखानदार गोदामातला कच्चा माल बघून काम वाढवतो आणि दुसरा बाहेरून तयार माल येतोय का ते बघतो, तसा हा फरक. ई. कोलायच्या नियंत्रकाचं नाव फॅडआर, आणि माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत हुशारीचं प्रथिन हेच. ते दोन उलटी कामं करतं. मेदाम्लं जाळून ऊर्जा मिळवणारी जनुकं ते दाबून ठेवतं, आणि असंतृप्त (साखळीत दुहेरी बंध असलेली) मेदाम्लं बनवणाऱ्या फॅबए व फॅबबी या जनुकांना चालना देतं. डीएनएवर ते नेमकं कुठे बसतं यावर सगळं ठरतं: जनुक वाचणाऱ्या यंत्राच्या जागेवरच बसलं तर अडथळा, थोडं अलीकडे बसलं तर मदत.

बाहेरून लांब साखळीचं मेदाम्ल पेशीत आलं की त्याला कोएन्झाइम-ए (मॅलोनिल-कोए मधला 'कोए' हाच) हा वाहक रेणू चिकटवला जातो. ही जोडी फॅडआरला येऊन भिडली की फॅडआर डीएनए सोडतं. मग जाळण्याची जनुकं खुली होतात आणि घरच्या उत्पादनाची चालना कमी होते. पण पेशी स्वतः बनवलेल्या मेदाम्लांमुळे फसत का नाही? कारण घरात वाढणारी साखळी कोएन्झाइम-एवर नसतेच. ती एसीपी नावाच्या छोट्या वाहक प्रथिनाला जोडलेली असते. बाहेरचा माल आणि घरचा माल यांची खूणच वेगळी. फॅबआर नावाचं आणखी एक प्रथिन फॅबए-फॅबबीला लगाम घालतं आणि संतृप्त-असंतृप्त यांचं प्रमाण सांभाळतं.

हे प्रमाण थंडीत कळीचं ठरतं, कारण संतृप्त साखळ्या गारठ्यात थिजतात. बॅसिलसच्या पटलात डेसके हे प्रथिन असतं. थंडीनं पटल जाड झालं की डेसके जागं होतं आणि डेसआर या जोडीदार प्रथिनामार्फत एक जनुक चालू करतं. त्या जनुकाचं एन्झाइम तयार साखळ्यांमध्येच दुहेरी बंध घालतं. ई. कोलाय इथे जनुकांची वाटसुद्धा पाहत नाही. त्याचं साखळी वाढवणारं फॅबएफ हे एन्झाइमच कमी तापमानाला असंतृप्त साखळ्यांवर जास्त काम करतं.

औषधांच्या दृष्टीनं हे नियंत्रण फार मोलाचं आहे. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध मेदाम्लं बनवणाऱ्या एका एन्झाइमला रोखतं, आणि ट्रायक्लोसान हे जंतुनाशक त्याच घराण्यातल्या फॅबआय या एन्झाइमला रोखतं हे 1998 मध्ये दिसलं. मग 2009 मध्ये एका शोधनिबंधानं मेदाम्लांचं उत्पादन रोखून जिवाणू मारण्याच्या या दिशेवरच प्रश्नचिन्ह लावलं. रक्तद्रवातली मेदाम्लं मिळाली तर स्ट्रेप्टोकॉकस गटातले काही जिवाणू ही यंत्रणा बंद पडूनही मजेत वाढत होते. न्यूमोनिया घडवणारा स्ट्रेप्टोकॉकस तर बाहेरची मेदाम्लं मिळताच घरचं उत्पादन स्वतःच आवरतो. याउलट स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगकारक जिवाणूमध्ये नियंत्रक फॅपआर आहे. बाहेरची मेदाम्लं हा जिवाणू पटलात वापरतो, पण मॅलोनिल-कोए असेपर्यंत स्वतःचं उत्पादन चालूच ठेवतो. फॅबआयवर नेम धरलेलं अफाबिसिन हे औषध म्हणूनच स्टॅफिलोकॉकसपुरतं विकसित केलं जात आहे. वाद अजून मिटलेला नाही: काही प्रयोगांत रक्तद्रव मिळाल्यावर थोड्या विलंबानं स्टॅफिलोकॉकसही अशा औषधांमधून सावरून पुन्हा वाढू लागला.