बॅक्युला : क्लायंट जोडणीतील त्रुटी

बॅक्युला या मुक्त-स्रोत नेटवर्क बॅकअप प्रणालीत सर्व्हर आणि क्लायंट यांची जोडणी न झाल्यामुळे येणाऱ्या त्रुटी व त्यांचा माग काढण्याची पद्धत. केर्न सिबाल्ड यांनी २००० साली या प्रणालीचे काम सुरू केले आणि २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. बॅकअप आणि ड्रॅक्युला या शब्दांची मोट बांधून हे नाव केले आहे. कामही रात्रीचेच, त्यामुळे त्रुटी कळते ती सकाळी मेल उघडल्यावर.

प्रणालीचे तीन भाग तीन पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या नेटवर्क दारांवर) ऐकत असतात : सगळ्या कामाचे नियंत्रण करणारा डिरेक्टर ९१०१, क्लायंट मशीनवरचा फाइल डीमन ९१०२ आणि बॅकअपचा डेटा साठवणारा स्टोरेज डीमन ९१०३. डीमन म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम. डिरेक्टर आधी ९१०२ वर क्लायंटला गाठतो आणि स्टोरेजचा पत्ता सांगतो. मग क्लायंट स्वतः ९१०३ वर स्टोरेजकडे जातो. कोण कोणाला हाक मारतो हा क्रम ध्यानात न घेतल्यानेच बहुतेकांची रात्र वाया जाते.

पहिला टप्पाच फसला, तर त्रुटीचे शब्द नीट वाचावेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीन जागे आहे, पण त्या पोर्टवर कोणी बसलेले नाही : फाइल डीमन बंद आहे किंवा फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकतो आहे. डेबियन लिनक्सच्या पॅकेजमध्ये ‘एफडीअ‍ॅड्रेस’ची (फाइल डीमनने कोणत्या पत्त्यावर ऐकायचे त्या सेटिंगची) मूळ किंमत हीच असते आणि नवखे हमखास इथे अडकतात. ‘टाइम्ड आउट’ आले, तर मशीन बंद आहे किंवा फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी यंत्रणा) डेटाची पाकिटे मुकाट गिळते आहे. ‘नो रूट टू होस्ट’ मात्र फसवे. रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर फायरवॉलने नकार दिला तरी हेच शब्द दिसतात आणि माणूस उगाच राउटिंग (नेटवर्कमधील वाट) तपासत बसतो.

जोडणी होऊनही ओळख पटत नसेल, तर पासवर्ड आणि नाव दोन्ही पाहावीत. डिरेक्टरच्या सेटिंग फाइलमधील क्लायंट विभागातला पासवर्ड आणि क्लायंटच्या फाइलमधील डिरेक्टर विभागातला पासवर्ड एकच लागतो. पासवर्ड सगळेच तपासतात, नाव राहून जाते. जुना सर्व्हर बदलून नवा आणला की डिरेक्टरचे नावही अनेकदा बदलते, पण क्लायंट जुन्याच नावाची वाट पाहतो. फाइल दुरुस्त केल्यावर फाइल डीमन पुन्हा सुरू करायला विसरू नये.

सर्वांत चकवणारी त्रुटी दुसऱ्या टप्प्यावर येते. कन्सोलमध्ये (डिरेक्टरला आज्ञा देण्याच्या प्रोग्राममध्ये) ‘स्टेटस क्लायंट’ ही आज्ञा व्यवस्थित उत्तर देते, पण जॉब, म्हणजे बॅकअपचे काम, सुरू होताच ‘२९०२ बॅड स्टोरेज’ असा संदेश येतो. कारण बहुधा डिरेक्टरच्या स्टोरेज विभागातील पत्त्यात असते. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिले असेल, तर सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप सुरळीत होतो, पण दूरचा क्लायंट तो शब्द स्वतःसाठीच समजतो आणि आपल्याच मशीनवर स्टोरेज शोधतो. काखेत कळसा गावाला वळसा, याच्या नेमके उलटे : कळसा गावात आणि शोध काखेत. तिथे क्लायंटला उलगडता येईल असे पूर्ण नाव किंवा आयपी पत्ता द्यावा. चाचणीही क्लायंटवरूनच ९१०३ कडे घ्यावी. सर्व्हरवर बसून घेतलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

आवृत्त्यांचाही नियम आहे. डिरेक्टर आणि स्टोरेज डीमन एकाच आवृत्तीचे लागतात. क्लायंट जुना चालतो, पण सर्व्हरपेक्षा नवा नसावा.

काही जॉब तासन्‌तास चालून मग तुटतात. क्लायंट स्टोरेजकडे डेटा ओतत असताना डिरेक्टरशी असलेली जोडणी गप्प पडून राहते आणि मधली फायरवॉल ती मेली असे समजून काढून टाकते. जोडणी जिवंत आहे का, ही लिनक्सची स्वतःची टीसीपी चौकशी मूळ मांडणीत ७,२०० सेकंदांनी होते, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ‘हार्टबीट इंटरव्हल’ (जोडणी जागी ठेवणारा संकेत किती वेळाने पाठवायचा ते ठरवणारी सेटिंग) ६० सेकंदांच्या आसपास ठेवतात. क्लायंटला स्टोरेजपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर ‘एसडी कॉल्स क्लायंट’ हा पर्याय दिशा उलटवतो आणि स्टोरेज डीमनच क्लायंटकडे जातो.