गावाबाहेरची धावपट्टी: आपल्याकडच्या छोट्या विमानतळांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं, आणि फोटो बघून बऱ्याच जणांना वाटलं की विमानतळ नवीनच बांधलेत. नवीन कसले, दोन्हीकडे पट्टी कित्येक वर्षांपासून होतीच. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावाबाहेर अशी एक पट्टी असते, सकाळी लोक तिथे फिरायला जातात, दुपारी शेळ्या चरतात, आणि निम्मं गाव गाडी तिथेच शिकलेलं असतं (मी पण स्कूटर अशाच एका पट्टीवर शिकलोय, कुठल्या ते विचारू नका). मग त्या बांधल्या कोणी आणि कशासाठी?

मुळात धावपट्टी हा प्रकारच नंतरचा. सुरुवातीची विमानं इतकी हलकी की त्यांना फक्त मोठं सपाट मैदान लागायचं, वारा ज्या बाजूने येतोय तिकडे तोंड करायचं आणि उडायचं. विमानं जड झाल्यावर पक्की पट्टी आली, आणि पट्टी आली की दिशा ठरली, म्हणजे आडवा वारा ही नवीन कटकट.

इंग्लंडमध्ये आजही शेतकरी कुरणात गवत कापून स्वतःची पट्टी ठेवतो. आपल्याकडे ते रुजलं नाही. परवानग्यांचा भाग आहेच, पण बऱ्याच भागात जमीनच साथ देत नाही, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यावर चाक कुठलं टिकतंय.

जुहूचंच बघा ना. १९२८ चं मैदान, देशातलं पहिलं नागरी विमानतळ म्हणतात ते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानात २५ किलो टपाल घेऊन इथेच उतरले. पण जागा समुद्रालगतची, पावसाळ्यात पाण्याखाली जायची, मग टाटांच्या विमानसेवेचं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवडा जेलजवळच्या एका मैदानावर. म्हणजे देशाची विमानसेवा सुरू झाली तीच पाऊस बघून घर बदलत.

नंतर संस्थानिक आले. कोल्हापूरला राजाराम महाराजांनी विमानतळ बांधला, १९३९ पासून तो चालू आहे. आता तिथून रेग्युलर विमानं जातात, पण मध्ये अनेक वर्षं तोही शांतच होता.

मग दुसरं महायुद्ध. गोंदियाजवळची बिरसीची पट्टी ब्रिटिशांनी युद्धासाठी केली, आणि कल्याणजवळ नेवाळीला पण शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानतळ केला. नेवाळीची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी ओस पडली आणि लोक परत शेती करायला लागले, कारण त्यांच्या हिशोबाने काम झालं की जमीन परत मिळणार होती. कागदावर मात्र ती संरक्षण खात्याकडेच राहिली. पिढ्या गेल्या, आणि २०१७ मध्ये नौदलाने भिंत घालायला घेतली तेव्हा जूनमध्ये मोठं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या विमानतळाचं भांडण, आणि विमान बघितलेला माणूस गावात शोधावा लागेल!

स्वातंत्र्यानंतर पीडब्ल्यूडीचा जमाना. कराडची पट्टी १९५५ च्या सुमाराची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. सत्तरच्या दशकात धुळे, जळगाव, रत्नागिरी. यात पॅसेंजरचा विचार फारसा नव्हता, साहेब, मंत्री आणि इंजिनियर लवकर पोचावेत एवढाच. माझं मत विचाराल तर आपल्याकडची प्रत्येक पट्टी कुठल्यातरी एका कामासाठी झाली, ते काम संपलं, आणि पुढे काय हे कोणी ठरवलंच नाही. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद असे पाच विमानतळ एमआयडीसीने रिलायन्सला ९५ वर्षांच्या करारावर दिले, तरी फार काही हललं नाही आणि शेवटी सरकारच ते परत घ्यायची भाषा करायला लागलं. खासगी पट्ट्या म्हणाल तर मोजक्याच, शिरपूरची, अँबी व्हॅलीची वगैरे.

या सगळ्या काळात पट्ट्या खऱ्या अर्थाने वापरल्या त्या शिकाऊ पायलटांनी. कमर्शियल लायसन्सला २०० तास उडावं लागतं, मुंबईच्या गर्दीत शिकाऊ विमानाला जागा कोण देणार, म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग धुळ्याला गेलं. बारामती आणि गोंदियातही अकॅडमी आहेत. मोकळं आकाश, पावसाळा सोडला तर कोरडी हवा, आणि खाली बघायला ऊस नाहीतर धान.

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या उडान योजनेने चित्र थोडं बदललं, २७ एप्रिल २०१७ ला तिची विमानं सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी शिमल्याच्या विमानाबरोबर नांदेड-हैदराबाद पण होतं. पण पट्टी असली म्हणून विमान उतरतंच असं नाही. सोलापूरला विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उभी होती, त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं झाली, सभासद म्हणायचे कारखाना आमचं पोट आहे, शहरातले म्हणायचे विमान पाहिजे. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली. त्यानंतरही पहिलं विमान उडायला दोन वर्षं लागली.