लोकमताची कृत्रिम घडण

सार्वजनिक प्रश्नांवर लोकांचे मत ठरावीक दिशेने वळावे यासाठी सरकारे, राजकीय पक्ष, उद्योग आणि हितसंबंधी गट पद्धतशीर प्रयत्न करत असतात. त्यांपैकी ज्या प्रयत्नांत बोलणाऱ्याची खरी ओळख, त्याचा हेतू किंवा पुराव्याची खरी अवस्था लपवलेली असते, त्यांना लोकमताची कृत्रिम घडण म्हणता येते. मन वळवणे मुळात गैर नाही. निवडणुकीतले भाषण, वृत्तपत्राचा अग्रलेख, लसीकरणाची मोहीम या सगळ्यांत मन वळवण्याचाच उद्देश असतो आणि त्याशिवाय लोकशाही चालू शकत नाही. प्रश्न असतो तो समोर कोण बोलत आहे आणि त्याला काय हवे आहे, हे ऐकणाऱ्याला कळते की नाही याचा. खरे-खोटे ही कसोटी इथे पुरत नाही. प्रत्येक वाक्य खरे असूनही दिशाभूल होऊ शकते. फक्त ती वाक्ये कोणी निवडली आणि कोणती वगळली, यावर पडदा टाकावा लागतो.

राज्यकर्त्यांनी प्रजेचे मन आपल्याकडे वळवणे फार जुने आहे. त्याला व्यवसायाचे रूप आले ते पहिल्या महायुद्धात. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लगेच अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या नेतृत्वाखाली लोकमाहिती समिती स्थापन केली. तिची सर्वांत परिणामकारक योजना म्हणजे ‘चार मिनिटांचे वक्ते’. चित्रपटगृहात रीळ बदलायला साधारण चार मिनिटे लागत. तेवढ्या वेळात गावातलाच एखादा प्रतिष्ठित माणूस उभा राहून युद्धाच्या बाजूने बोले. असे सुमारे ७५,००० स्वयंसेवक देशभर होते. बोलण्याचे मुद्दे वॉशिंग्टनहून येत, आवाज मात्र ओळखीच्या माणसाचा असे. सरकारी पत्रकाकडे लोक संशयाने पाहतात, शेजाऱ्याकडे तसे पाहत नाहीत. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक युक्त्यांचे बीज या एका गोष्टीत आहे.

या समितीत काम केलेल्या एडवर्ड बर्नेज यांनी तेच तंत्र बाजारात आणले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. स्त्रियांनी चारचौघांत सिगारेट ओढणे तेव्हा अशिष्ट मानले जाई, त्यामुळे वृत्तपत्रांनी ही घटना स्त्रीस्वातंत्र्याची कृती म्हणून छापली. तिची आखणी अमेरिकन टोबॅको कंपनीचे पैसे घेणाऱ्या बर्नेज यांनी केली होती, हे वाचकांना ठाऊक नव्हते. त्याआधी १९२२ मध्ये अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी दाखवून दिले होते की, माणूस प्रत्यक्ष जगाला नव्हे तर आपल्या डोक्यातल्या जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो. ते चित्र रंगवण्याचे काम आता पैसे मोजून करून घेता येऊ लागले.

या क्षेत्रातले सर्वांत दूरगामी उदाहरणही तंबाखूचेच आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ठळकपणे पुढे आला. डिसेंबर १९५३ मध्ये मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये एकत्र जमले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला काम दिले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वृत्तपत्रांत पानभर जाहिरात झळकली. सिगारेट निर्धोक आहे, असा ठाम दावा संशोधनाच्या नावाने तीत नव्हता. कर्करोगाची कारणे अनेक असू शकतात, तज्ज्ञांमध्ये एकमत नाही, धूम्रपान हे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि लोकांचे आरोग्य ही आम्ही सर्वोच्च जबाबदारी मानतो, असा तिचा सूर होता. सोबत स्वतंत्र वाटेल अशा एका संशोधन समितीची घोषणा होती. पैसा अर्थातच कंपन्यांचा होता.

यातली मेख पत्रकारितेच्या एका चांगल्या सवयीत होती. दोन्ही बाजू द्याव्यात, हा वार्ताहरांचा प्रामाणिक नियम. कंपन्यांनी ‘दुसरी बाजू’ तयार करून ठेवली आणि वार्ताहर ती छापत राहिले. लोकांना सिगारेट चांगली आहे हे पटवण्याची गरजच नव्हती. वाद अजून मिटलेला नाही एवढे वाटले की पुरे. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘संशय हेच आमचे उत्पादन’ असे सरळ लिहिलेले आहे. पुढे खटल्यांमुळे ही कागदपत्रे उघड झाली आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या संघराज्य न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय दिला. मधल्या काळात किती माणसे सिगारेट सोडता सोडता राहिली असतील, हा विचार या प्रकरणात टाळता येत नाही. हवामानबदलाच्या प्रश्नावरही पुढे हाच संशयाचा मार्ग वापरला गेला.

हे सारे परिणामकारक का ठरते, याचा अभ्यास मानसशास्त्र आणि संज्ञापन या शास्त्रांनी केला आहे. १९८१ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यात सर्वांत बोलका आहे. एका रोगाने ६०० लोक मरतील अशी भीती आहे, असे सहभागींना सांगण्यात आले. एका गटापुढे पर्याय असा : पहिल्या उपायाने २०० लोक नक्की वाचतील, दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश, कोणीच न वाचण्याची दोन-तृतीयांश. ७२ टक्क्यांनी पहिला उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच पहिला उपाय ‘४०० लोक नक्की मरतील’ अशा शब्दांत सांगितला, तेव्हा तो फक्त २२ टक्क्यांनी घेतला. आकडे तेच, माणसेही तशीच. मांडणी बदलली आणि बहुमत उलटले. जनमत चाचण्यांमधल्या प्रश्नांच्या शब्दरचनेकडे बारकाईने पाहावे लागते ते यामुळेच.

१९७२ मध्ये मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी दाखवले की, माध्यमे ज्या विषयांना जास्त जागा देतात तेच विषय मतदारांना महत्त्वाचे वाटू लागतात. काय मत असावे यापेक्षा कशावर मत असावे, हे ठरवणे सोपे असते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. एखादे विधान वारंवार कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलेला मुद्दा त्याहून गंभीर आहे : आपण अल्पमतात आहोत असे वाटले की माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी दुबळे भासते आणि दुसरेही गप्प होतात. म्हणजे इतरांना काय वाटते याचा खोटा अंदाज पसरवला, तरी काही काळाने तो खरा ठरू शकतो. उलट बाजूही नोंदवायला हवी. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत गटाच्या दडपणाखाली उघड चुकीचे उत्तर देणारी माणसे, एकच साथीदार बरोबर उत्तर देताना दिसला की मोठ्या प्रमाणात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू लागत.

बनावट जनभावना हा प्रकार इतरांकडे पाहून मत ठरवण्याच्या या दुबळेपणावर पोसला जातो. नागरिकांची उत्स्फूर्त चळवळ म्हणून जी दिसते, तिच्यामागे एखादी कंपनी किंवा पक्ष असतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने इंटरनेट समानतेच्या, म्हणजे सेवा कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी या, नियमांवर जनतेच्या सूचना मागवल्या. २ कोटी २० लाखांहून अधिक प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यांतल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होत्या. सुमारे ८५ लाख प्रतिक्रिया ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसा पुरवलेल्या मोहिमेतून आल्या होत्या आणि त्यासाठी खऱ्या माणसांची नावे त्यांना न विचारता वापरली गेली होती. नियमांच्या बाजूने आलेल्या ७७ लाख प्रतिक्रिया एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणक प्रोग्रॅमने तयार केल्या होत्या. आयोगाला लोकांचे म्हणणे ऐकायचे होते. पोहोचला तो दोन्ही बाजूंचा कारखानदारी गोंगाट.

युद्धाच्या तोंडावर ही फसवणूक सर्वांत महाग पडते. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढे १५ वर्षांच्या एका कुवैती मुलीने रडत साक्ष दिली की, इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून बाळांना काचपेटीतून काढून थंड जमिनीवर मरायला टाकले. ही कहाणी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अनेकदा सांगितली, सिनेटच्या चर्चेत ती आली आणि जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला संमती दिली. मुलगी अमेरिकेतल्या कुवैती राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागच्या मोहिमेचे काम हिल अँड नोल्टनकडे होते, हे जानेवारी १९९२ मध्ये बाहेर आले. तोवर युद्ध संपले होते. इराकी फौजांनी कुवैतमध्ये अत्याचार केले, यात शंका नाही. या विशिष्ट कथेला मात्र नंतरच्या चौकशांत आधार सापडला नाही. ज्या गटापुढे ही साक्ष दिली गेली तो काँग्रेसची अधिकृत समिती नसल्याने शपथेचा प्रश्नच आला नव्हता.

समाजमाध्यमांनी यात दोन मोठे बदल केले. पहिला वेगाचा. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि त्याचे कारण स्वयंचलित खाती नव्हती, माणसेच होती. नवल आणि किळस वाटायला लावणारा मजकूर माणूस चटकन पुढे ढकलतो. वाचक जास्त वेळ थांबावा एवढेच उद्दिष्ट दिलेली शिफारस यंत्रणा तोच मजकूर वर आणते.

दुसरा बदल कमी दिसतो, पण माझ्या मते अधिक घातक आहे. वृत्तपत्रातली जाहिरात सगळ्यांना दिसत असे, त्यामुळे विरोधकाला तिचे उत्तर देता येई. वैयक्तिक माहितीच्या आधारे निवडक लोकांच्या मोबाइलवर टाकलेला संदेश बाकीच्यांच्या नजरेलाच पडत नाही. एकाच उमेदवाराचे दोन शेजाऱ्यांना दिलेले परस्परविरोधी आश्वासन पकडायचे कोणी? केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक वापरकर्त्यांची माहिती गेली असावी, असे २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. त्या माहितीने किती मते फिरली, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. आपल्या जादूचा डंका पिटणे हाही अशा कंपन्यांचा धंदा असतो.

प्रचाराची ताकद फुगवून सांगू नये, याला जुना आधार आहे. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत एका काउंटीतल्या मतदारांचा महिनोन्महिने पाठपुरावा केला. प्रचाराने पक्ष बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले आणि माध्यमांपेक्षा ओळखीच्या माणसांचा शब्द जास्त चालला. म्हणून कृत्रिम घडणीचा खरा परिणाम मतपरिवर्तनापेक्षा इतरत्र शोधावा लागतो : कुंपणावरच्यांना घरी बसवण्यात, विरोधी बाजूविषयी घृणा वाढवण्यात आणि कशावरच विश्वास उरू न देण्यात. हुबेहूब बनावट चित्रफिती सर्रास होऊ लागल्यापासून खऱ्या चित्रफितीलाही ‘बनावट’ म्हणून झटकणे सोपे झाले आहे.

उपायांपैकी आगाऊ इशारा हा बऱ्यापैकी तपासलेला आहे. विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवले की, दिशाभूल करणाऱ्या युक्तिवादाचा सौम्य नमुना आणि त्याचे खंडन आधी दाखवले, तर पुढचा हल्ला कमी लागू पडतो. कायद्याने मुख्यतः पारदर्शकतेची वाट धरली आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या ऑनलाइन मंचांना जाहिरातींचे खुले संग्रह ठेवणे बंधनकारक केले. राजकीय जाहिरातीमागे पैसा कोणाचा हे दाखवण्याची सक्ती करणारा वेगळा नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्याआधीच गूगल व मेटा यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणे थांबवत असल्याचे जाहीर केले. जाहिरात म्हणून नोंदच न होणारा मजकूर, म्हणजे लोकप्रिय चेहऱ्यांकरवी गुपचूप करवून घेतलेला प्रचार आणि बंद गटांत फिरणारे निनावी निरोप, अशा संग्रहांच्या कक्षेत येत नाही.