फीटल इको

गर्भातील बाळाच्या हृदयाची रचना व कार्य श्राव्यातीत ध्वनितरंगांनी तपासण्याची पद्धत. तपासणी साधारणतः 18 ते 24 आठवड्यांदरम्यान करतात. आईला मधुमेह असणे, आधीच्या अपत्यात हृदयदोष असणे किंवा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत शंका येणे ही तिची नेहमीची कारणे.

आरंभाचे श्रेय कोणाला, याविषयी एकवाक्यता नाही. गर्भहृदयाच्या एम-मोड (एकाच रेषेवरील हालचाल टिपणाऱ्या) नोंदी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीस प्रसिद्ध झाल्या होत्या. परंतु पडद्यावरील चित्र प्रत्यक्ष शरीररचनेशी ताडून पाहण्याचे काम 1980 च्या सुमारास लंडनमध्ये लिंडसे ॲलन व अमेरिकेत चार्ल्स क्लाइनमन यांनी केले. आजच्या अर्थाने फीटल इको तेथून सुरू झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक.

कार्यमापनात एक अडचण मुळातच आहे. गर्भाची फुप्फुसे श्वसन करत नाहीत. रक्त अंडाकृती रंध्र व धमनीनलिका या दोन आडवाटांनी वळते आणि उजवे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) डाव्यापेक्षा काहीसे जास्त रक्त ढकलते. त्यामुळे प्रौढांचे निकष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. निरोगी प्रौढाच्या डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग दाखवणाऱ्या) आलेखात निलय भरतानाचा पहिला उंचवटा मोठा असतो, गर्भात दुसरा. गर्भाचे निलय ताठर असून ते भरण्यास अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) आकुंचनाची मदत जास्त लागते.

कार्यमापनाच्या पद्धतींत सर्वाधिक चर्चा झाली ती निलयाचे एकूण कार्य एका आकड्यात सांगणाऱ्या टेई निर्देशांकाची. जपानी हृदयतज्ज्ञ चुवा टेई यांनी तो 1995 मध्ये प्रौढांसाठी मांडला. झडपा बंद असताना निलयाच्या आकुंचनास व शिथिलनास लागणाऱ्या दोन वेळांची बेरीज भागिले रक्त बाहेर पडण्याचा काळ, असे त्याचे गणित. हे काळ मिलिसेकंदांत असल्याने झडप मिटल्याची बारीक उभी रेघ कोठे धरली यावर उत्तर बदलते. प्रकृत मूल्यांत मतभेद आहेत ते यामुळेच. एकट्या निर्देशांकावर निदान करू नये. शिरानलिकेतील (नाळेतले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिनीतील) प्रवाह, हृदयाचा आकार व शरीरात साचलेले पाणी यांच्यासह तो वाचावा, हे मत ग्राह्य वाटते.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. बाळाच्या रक्तात गर्भीय हीमोग्लोबिन असल्याने गर्भावस्थेत त्याला या आजाराचा सहसा त्रास होत नाही. मात्र आईला आजार असल्यास बाळाची वाढ खुंटू शकते. अशा वेळी नाळेचा डॉप्लर महत्त्वाचा ठरतो.

गडचिरोली-गोंदियाकडून आणि लगतच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण नागपूरला येतात. धंतोली-रामदासपेठेतील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आधी दिसते. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यान्वये इतर सोनोग्राफीप्रमाणे या तपासणीपूर्वीही ‘एफ’ नमुना भरावा लागतो. गर्भपातविषयक कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 24 आठवड्यांनंतर गंभीर व्यंगामुळे गर्भपात करायचा झाल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. त्यामुळे बाविसाव्या आठवड्यात लांबून आलेल्या जोडप्यापाशी विचाराला फार दिवस उरत नाहीत.