गडग्यातला ‘इन’

पावसात ढासळलेला गडगा, म्हणजे वाडीभोवतीचं दगडी कुंपण, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा रचायचा, ही आमच्या गुहागरच्या घरची जुनी रीत. यंदा जांभ्याचे दगड उचलून द्यायला नववीतला भाचा होता. मध्येच थांबून म्हणाला, “मामा, फेन्स म्हणजेच कुंपण घालणं ना? मग पुस्तकात ‘फेन्स इन’ कशाला? ‘इन’ फुकटचा?”

फुकटचा नाही. माड, पोफळी, परसातलं अळू, सगळं आत घेऊन चहूबाजूंनी गडगा घातला, की ते झालं ‘फेन्स इन’. जुन्या विहिरीकडे पोरांनी फिरकू नये म्हणून तेवढा कोपरा आम्ही काठ्या बांधून अडवलाय, ते ‘फेन्स ऑफ’. कुंपण इथेही आणि तिथेही. पण ‘इन’ म्हटलं की लक्ष आत काय राहिलं याकडे जातं आणि ‘ऑफ’ म्हटलं की काय तोडून बाजूला काढलं याकडे. (‘फेन्स’ हा मुळात ‘डिफेन्स’चाच डोकं उडालेला अवतार.)

आपण हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. कोपरा ‘अडवून टाकला’, कोंबड्या ‘कोंडून ठेवल्या’. यात कोणी काही टाकत नाही, पण नुसतं ‘अडवला’ म्हणण्यात तो ठामपणा नाही. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात.

खरी गंमत ‘आय फील फेन्स्ड इन’ या वाक्यात आहे. इथे गडगाबिडगा काही नाही. जीव कोंडल्यासारखा होतोय, एवढंच. वाडी राखायची असो की माणूस कोंडायचा, इंग्रजीला एकच शब्द पुरतो. ‘राखणं’ आणि ‘कोंडणं’ वेगळं ठेवणारी आपली भाषा मला इथे जास्त शहाणी वाटते.

हा ‘इन’ जागाही बदलतो. ‘फेन्स इन द यार्ड’ चालतं, ‘फेन्स द यार्ड इन’ही चालतं. ‘यार्ड’च्या जागी ‘इट’ आलं, की मात्र ‘फेन्स इट इन’ असंच म्हणायचं, ‘फेन्स इन इट’ नाही. भाच्याला हा इंग्रजांचा विक्षिप्तपणा वाटला. पण सुटे फिरणारे असे शब्द आपल्या घरातही होते. इंग्रजी ‘ऑफ’ आणि संस्कृत ‘अप’ एकाच मुळाचे; इंग्रजी ‘अप’चा भाऊ मात्र संस्कृत ‘उप’. आज ‘अपहरण’, ‘उपकार’ यांत हे उपसर्ग धातूला चिकटून बसलेत. वेदात ते मोकळे असत. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ म्हणताना ‘उप’ सुरुवातीला येतो आणि त्याचं क्रियापद ‘एमसि’ थेट ऋचेच्या शेवटी. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’ या आपल्या व्याकरणात आधी नियम सांगितला की उपसर्ग धातूच्या आधी येतो (१.४.८०), आणि लगेच वेदापुरती सूट दिली: तो नंतरही येईल (१.४.८१), मध्ये इतर शब्द घालून दूरही राहील (१.४.८२).

तिन्हीसांजेला काम आटोपून बेडं (वाडीचं फाटक) लावलं आणि मागे वळून बघतो, तर शेजाऱ्यांची गाय आतच. निवांत अळू खात उभी.

“मामा,” भाचा ओरडला, “फेन्स्ड इन!”