झरमॅटच्या बर्फातल्या सुटीसाठी शेंगेन व्हिसा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर वसलेले झरमॅट हे स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतातले गाव हिवाळ्यात स्कीइंगसाठी, स्लेजवरून उतार उतरण्यासाठी आणि बर्फातून आखलेल्या पायवाटांवर चालण्यासाठी प्रसिद्ध आहे. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मज्जाव असल्यामुळे मोटारीने येणाऱ्यांनाही खालच्या टेश या गावी गाडी ठेवून आगगाडीने वर यावे लागते. दहा दिवसांत चार-पाच देश पाहण्याच्या सहलीऐवजी अशा एकाच गावी आठवडाभर राहून स्की शिकण्याचा बेत करणाऱ्यांना व्हिसा तोच लागतो आणि अर्जाचा नमुनाही तोच असतो. मात्र अर्जातून जे दाखवून द्यायचे असते ते थोडे वेगळे असते आणि विम्याच्या बाबतीत तर पुष्कळच वेगळे असते. म्हणून नेहमीच्या सहलीची कागदपत्रे जशीच्या तशी पुढे करण्याआधी पुढील माहिती वाचावी.

अर्ज कोणी, कोठे आणि केव्हा करावा

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, परंतु डिसेंबर 2008 पासून तो शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, भाग आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला पर्यटनासाठी शेंगेनचा अल्पमुदतीचा, म्हणजे 'सी' प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्या नियमानुसार कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या नातलगांना एवढ्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टावर परदेशात कायदेशीर वास्तव्य करणाऱ्यांनी मात्र अर्ज त्या देशातूनच करायचा असतो. भाऊ पुण्याहून आणि बहीण दुबईहून येणार असेल, तर अर्ज दोन ठिकाणी जातील. तरीही हॉटेलचे आरक्षण आणि मुक्कामाच्या तारखा दोन्ही अर्जांत तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

कोणत्या देशाकडे अर्ज करायचा, हे मुक्कामाच्या दिवसांवरून ठरते. झरमॅटला सहा रात्री आणि पॅरिसला तीन रात्री असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे करावा. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील, तर ज्या देशातून शेंगेन क्षेत्रात प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे करावा. एखाद्या देशाच्या तारखा लवकर मिळतात म्हणून त्याच्याकडे अर्ज करायचा आणि राहायचे मात्र दुसरीकडे, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण अर्जातला कार्यक्रम आणि प्रत्यक्षातला मुक्काम यांतली तफावत पुढच्या अर्जांनाही नडू शकते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. विमान 10 जानेवारीचे असेल, तर 10 जुलैपासून 26 डिसेंबरपर्यंत अर्ज करता येईल. पण ही शेवटची तारीख धरून चालणे शहाणपणाचे नाही. निर्णय साधारणपणे 15 दिवसांत होतो, तरी अधिक चौकशीची गरज पडल्यास त्याला 45 दिवसही लागू शकतात. नाताळ-नववर्षाचा आठवडा आणि शाळांच्या सुट्यांचा फेब्रुवारी हा झरमॅटचा ऐन हंगाम असल्यामुळे त्या दिवसांत जायचे असेल, तर दसऱ्याच्या सुमारास अर्ज दाखल करून मोकळे व्हावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रे

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेन क्षेत्रातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही जोडावेत. सही केलेला अर्ज, 35 बाय 45 मिलिमीटरचे अलीकडचे छायाचित्र, येण्या-जाण्याच्या विमानाचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा, दिवसवार कार्यक्रम, स्वतःच्या सहीचे विनंतीपत्र आणि प्रवास विमा ही कागदपत्रे सर्वांनाच लागतात. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण करावे.

उत्पन्नाचा पुरावा ज्याच्या-त्याच्या व्यवसायाप्रमाणे बदलतो. नोकरदाराने पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे आणि कार्यालयाचे रजा मंजुरीसह ना हरकत प्रमाणपत्र जोडावे. दुकानदाराने किंवा व्यावसायिकाने गुमास्ता परवाना अथवा जीएसटी नोंदणी, निवृत्त व्यक्तीने निवृत्तिवेतनाचा पुरावा द्यावा. ज्यांचे उत्पन्न मुख्यतः शेतीचे आहे आणि आयकराची विवरणपत्रे नाहीत, त्यांनी सातबारा उतारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या बँकेतल्या नोंदी इंग्रजी भाषांतरासह द्याव्यात, म्हणजे पैसा कोठून येतो हे वाचणाऱ्याला कळेल. बँकेचे गेल्या काही महिन्यांचे विवरण शिक्क्यासह असावे. स्वित्झर्लंडमध्ये स्वखर्चाने राहणाऱ्यासाठी माणशी दिवसाला सुमारे 100 फ्रँक हा ढोबळ आधार मानला जातो, पण झरमॅटच्या हॉटेलांचे आणि स्की-पासांचे, म्हणजे उतारांवर नेणाऱ्या पाळण्यांच्या तिकिटांचे, दर पाहता शिल्लक त्याहून बरीच अधिक दिसली पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकरकमी मोठी रक्कम आली असेल, तर ती ठेव मोडून आली की कोणी भेट दिली, हे विनंतीपत्रात लिहून त्याचा कागद जोडावा.

नावांच्या बाबतीत आपल्याकडच्या अर्जदारांना विशेष काळजी घ्यावी लागते. पासपोर्टावर वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत नुसते आद्याक्षर आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव, अशी स्थिती घरोघरी असते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु फाइल तपासणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि विनंतीपत्रातले दोन वाक्यांचे स्पष्टीकरण पुष्कळदा पुरेसे होते. अल्पवयीन मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, जन्मदाखला जोडावा लागतो, आणि दोघांपैकी एकच पालक बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचे नोटरीसमोर केलेले संमतीपत्र लागते. फक्त मराठीत असलेल्या जुन्या जन्मदाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

आता स्कीच्या मुक्कामाचा वेगळा भाग. सात दिवस एकाच गावात कशासाठी, असा प्रश्न कार्यक्रम वाचणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर कागदावर असले पाहिजे. स्की शाळेतल्या प्रवेशाची पावती आणि स्की व बूट भाड्याने घेतल्याची नोंद सक्तीची नाही, पण असल्यास अवश्य जोडावी. 'पर्यटन' या एका शब्दापेक्षा 'पहिले चार दिवस सकाळी सुनेगाच्या बाजूला नवशिक्यांच्या उतारावर शिकवणी, पाचव्या दिवशी दातेरी रुळांच्या आगगाडीने 3,089 मीटर उंचीवरच्या गॉर्नरग्राटला जाणे, सहाव्या दिवशी बर्फवाटेने चालणे' असा कार्यक्रम सहलीचा हेतू अधिक नेमकेपणाने पटवतो. आजी-आजोबा बरोबर असून ते स्की करणार नसतील, तर त्यांचा दिवस कसा जाणार हेही लिहावे.

विमा: व्हिसापुरता आणि खरोखरीचा

नियमानुसार विमा किमान 30,000 युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांत लागू असणारा, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, तसेच आजारपणात किंवा मृत्यू ओढवल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च देणारा असावा लागतो. एवढ्या अटी पूर्ण झाल्या की अर्जापुरते काम होते. उतारावर पडून पाय मोडला तर तोच विमा पैसे देईल, याची मात्र त्यातून खात्री मिळत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या पहिल्या खेपेला पॉलिसीचे एक पानी प्रमाणपत्र बिनचूक होते, त्यात रक्कम, क्षेत्र आणि तारखा सगळे बरोबर होते, आणि व्हिसाही मिळाला. निघायला चार दिवस राहिले असताना सविस्तर पुस्तिका वाचायला घेतली, तेव्हा अकराव्या पानावर वगळलेल्या बाबींच्या यादीत बारीक अक्षरांत 'हिवाळी क्रीडा' हे शब्द सापडले. जादा हप्ता भरून ते संरक्षण घेता आले म्हणून निभावले. बऱ्याच प्रवास पॉलिसींत साहसी खेळ मुळात वगळलेले असतात, किंवा आखलेल्या उतारांच्या बाहेर वाटाड्याशिवाय गेल्यास संरक्षण संपते. म्हणून स्कीइंग, स्लेज, डोंगरावरचे बचावकार्य आणि हेलिकॉप्टर हे चारही विषय पॉलिसीत कोठे आणि कसे लिहिले आहेत, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. झरमॅटला 1968 पासून एअर झरमॅट ही हेलिकॉप्टर बचावसेवा आहे. ती तत्पर आहे, पण फुकट नाही. उतारावरच्या बचावपथकाने स्लेजवरून खाली आणल्याचेही बिल येते.

आणखी एक बाब. झरमॅट आणि इटलीतले चेर्विनिया यांची स्की-क्षेत्रे वरच्या बर्फात एकमेकांना जोडलेली आहेत. इटलीही शेंगेनमध्ये असल्यामुळे व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी पलीकडे उतरून परत येता येते. त्यासाठी वेगळा स्की-पास लागतो. परंतु इटलीच्या उतारांवर स्की करणाऱ्याकडे 1 जानेवारी 2022 पासून दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा दायित्व विमा असणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीत तो आहे का, हे घरूनच पाहून निघावे.

अर्ज दाखल करताना आणि त्यानंतर

अर्ज व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रात स्वीकारला जातो. आपल्याकडे मुंबई आणि पुणे येथे ती सोय आहे. हे केंद्र कागद घेते आणि पुढे पाठवते, निर्णय स्विस अधिकारीच करतात, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्याने कागद पाहून मान डोलावली म्हणजे व्हिसा मिळाला असे समजू नये. जून 2024 पासून शुल्क प्रौढांसाठी 90 युरो आणि 6 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे. त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा द्यावा लागतो आणि अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही.

बारा वर्षांखालील मुले सोडून सर्वांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते 59 महिने ग्राह्य धरता येतात. आईला घेऊन गेलो होतो तेव्हा तिची बोटे यंत्रावर उमटेनात. चाळीस वर्षे विळीवर भाजी चिरून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तिथल्या मुलीने घाई न करता ओल्या कापडाने बोटे पुसली, प्रत्येक बोट स्वतः हलकेच दाबले आणि तिसऱ्या खेपेला ठसे उमटले. घरी ज्येष्ठ माणसे असतील, तर आदल्या रात्री त्यांच्या बोटांना थोडे तेल किंवा मलम लावून सकाळी हात स्वच्छ धुवायला सांगावेत आणि केंद्रावर हाताशी वेळ ठेवावा.

व्हिसा मिळाल्यावर पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावरील नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस तिथल्या तिथे तपासावेत. वैधतेचा काळ आणि मुक्कामाचे दिवस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. मधेच शेंगेनबाहेरच्या लंडनला जाऊन परत येणार असाल, तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही. एप्रिल 2024 च्या युरोपीय निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या ज्या भारतीय नागरिकांनी मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरले आहेत, त्यांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. जुने पासपोर्ट जोडण्याचा आग्रह त्यासाठीच.

अर्ज नाकारला गेल्यास कारणे एका छापील नमुन्यात खुणा करून कळवली जातात. मुक्कामाचा हेतू पटला नाही, किंवा परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे, अशी ती असतात. 30 दिवसांच्या आत स्थलांतरविषयक स्विस सचिवालयाकडे हरकत घेता येते. पण कागद अपुरे होते असे स्वतःलाच दिसत असेल, तर त्रुटी दूर करून नव्याने अर्ज करणे बहुधा अधिक सोयीचे पडते.

12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे यांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे झ्यूरिकला किंवा जिनिव्हाला उतरल्यावर रांगेत वेळ जाऊ शकतो. झरमॅटची गाडी पकडण्यापूर्वी ती सवड ठेवावी. व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी निवास, परतीचे तिकीट, पैसे आणि विमा पुन्हा पाहू शकतो. म्हणून या कागदांच्या प्रती विमानात जमा केलेल्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत, वर काढता येतील अशा ठेवाव्यात.