सयामी मांजराचा चेहरा कुणी बदलला?

1939 मध्ये सयामचं थायलंड झालं, मांजर मात्र जगभर सयामीच राहिलं. खुद्द थायलंडात त्याचं नाव वेगळं आहे, 'विचिएनमात'. यातला 'विचिएन' पाली 'वजिर'वरून आलेला, म्हणजे आपलं वज्र, हिरा. अयोध्येचं नाव घेऊन वसलेल्या अयुथ्या राजधानीच्या काळापासून (1351 ते 1767) तिथे मांजरांच्या पोथ्या लिहिल्या जात होत्या, असं मानतात. आज हाती असलेल्या प्रती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. आपल्याकडे अश्वपरीक्षेचे ग्रंथ आहेत, तसाच हा प्रकार: कोणतं मांजर पाळलं तर भरभराट, कोणतं घरात आलं तर घात. विचिएनमात शुभ मांजरांत मोडतं. त्याची खूण पोथीत मोजून दिली आहे: तोंड, शेपूट, चार पाय, दोन कान, अशी आठ ठिकाणं काळी.

बाकी, ही मांजरं राजवाड्यातच असत, चोरणाऱ्याला देहदंड होई, मेलेल्या राजाचा आत्मा त्यांच्यात शिरे, वगैरे गोष्टी मांजर विकणाऱ्यांच्या तोंडी फार शोभतात. शेपटीच्या टोकाला असणाऱ्या गाठीचीही अशीच कथा आहे. राजकन्या आंघोळीला जाताना अंगठ्या मांजराच्या शेपटीत अडकवून ठेवी आणि त्या घरंगळू नयेत म्हणून मांजराने शेपटीला मुरड घातली, ती कायमची. कथा गोड आहे. गाठ आनुवंशिक आहे.

युरोपात हे मांजर लोकांपुढे आलं ते 1871 मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी भरवलेल्या प्रदर्शनात. गुबगुबीत, केसाळ मांजरांची सवय असलेल्या इंग्रजांना ते काही पचलं नाही. दुःस्वप्नात दिसावं असं अनैसर्गिक मांजर, असा एक शेरा तेव्हापासून सांगितला जातो. अमेरिकेची गोष्ट जास्त हळवी आहे. बँकॉकमधले अमेरिकी वाणिज्यदूत डेव्हिड सिकल्स यांना कळलं, की राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या पत्नी ल्यूसी यांना मांजरं आवडतात. त्यांनी 1878 च्या अखेरीस एक मांजर बोटीने रवाना केलं. ते 1879 च्या सुरुवातीला व्हाइट हाउसमध्ये पोचलं, 'सयाम' नावाने घरभर हिंडलं आणि त्याच वर्षी आजारी पडलं. मासे, कोंबडी, साय, कालवं, सगळं पुढे करून झालं, पण ते वाचलं नाही.

पाळीव जात म्हणून तिची पाळंमुळं इंग्लंडमध्ये रुजली ती 1884 नंतर. बँकॉकमधले ब्रिटिश अधिकारी एडवर्ड गूल्ड यांनी 'फो' आणि 'मिया' ही जोडी आपल्या बहिणीसाठी, लिलियन व्हेली यांच्यासाठी आणली. (ही जोडी राजाने दिली, हीसुद्धा पुढे चिकटलेली कथा असावी.) तिची पिल्लं 1885 च्या प्रदर्शनात गाजली आणि लवकरच दगावली. तरी आयात चालू राहिली आणि 1901 मध्ये सयामी कॅट क्लब निघाला, त्याच्या संस्थापकांत व्हेलीबाईही होत्या.

आता रंगाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. सयामीचं पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरंफेक असतं. काही दिवसांत कानांच्या कडा काळवंडू लागतात, मग नाकाचा शेंडा, पंजे, शेपूट. पोथीतल्या आठही जागा जणू एकेक करून भरत जातात. त्याचं कारण असं, की हे मांजर अर्धवट वर्णहीन आहे. रंगद्रव्य तयार करणारं टायरोसिनेज हे विकर त्याच्यात सदोष असतं आणि शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत काम करत नाही. जरा गार जागी मात्र करतं. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. बाहेर आल्यावर कान, पाय, शेपूट गार पडतात आणि रंगतात. पाठीवरचे केस भादरून ती जागा गार ठेवली, तर तिथे उगवणारे केस गडद येतात. रशियन संशोधकांनी 1930 च्या आसपास हे प्रयोग प्रसिद्ध केले. म्हणूनच गार मुलखातलं सयामी जास्त काळपट दिसतं, उबदार घरातलं फिकट, आणि वय वाढलं की तेही गडद होत जातं.

निळे डोळेही याच दोषाची देणगी. रंगद्रव्याच्या अभावी डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही तंतू चुकीच्या बाजूला वळतात. जुन्या सयामी मांजरांचा तिरळेपणा त्यातूनच आला. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये या चुकलेल्या वाटांचा सविस्तर अभ्यास मांडला. संगोपकांनी तिरळेपणा निवडून निवडून बराच कमी केला. आवाज मात्र कुणी कमी करू शकलं नाही. हे मांजर म्याव करत नाही, हाका मारतं. तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा तो खरखरीत सूर शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. माणसाच्या मागे मागे घरभर फिरणारं, एकटं ठेवलं की कुढणारं हे मांजर दिवसभर कुलूप लावून जाणाऱ्यांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चेहरा? सुरुवातीला आलेल्या मांजरांचं डोकं बरंचसं गोलसर होतं, अंग आटोपशीर आणि भरीव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांतल्या परीक्षकांना सडपातळ, लांबट रूप भावू लागलं. बक्षिसं तिकडे गेली, तसं संगोपनही तिकडे वळलं. डोकं पाचरीसारखं त्रिकोणी झालं, कान वटवाघळासारखे मोठे, अंग नळीसारखं, शेपूट चाबकासारखी. डोळ्यांची दृष्टी हळूहळू घालवणारा एक आनुवंशिक विकार आणि काही वंशांतला यकृताचा अमिलॉयडोसिस (यकृतात नको ते प्रथिन साचत जाणं) हे आजार या जातीत आहेत, आणि जवळच्या नात्यांतल्या जोड्या लावल्या की असे दोष बळावतात. मला विचाराल तर ती पाचर देखणी नाही, नुसती टोकदार आहे. पण प्रदर्शनाला जाणाऱ्यांना हे पटणार नाही.

गोल डोक्याचं जुनं मांजर मोजक्या हौशी लोकांनी जपलं, पण प्रदर्शनात त्याला 'सयामी' म्हणून जागा उरली नव्हती. शेवटी वेगळी जात म्हणून त्याची नोंद करावी लागली. 'टिका' या मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2007 मध्ये ती स्वीकारली. नाव ठेवलं 'थाई'.